छकुलीला खरं काम हवं होतं

छकुली म्हटलं की डोळ्यांपुढे दोन वेण्यांची पोरगी येते. ही छकुली मात्र चाळिशीला टेकलेली, दारात उभी राहिली तर खोलीतला उजेड अडेल अशी धिप्पाड बाई होती. लाडाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला वाचता येत नव्हतं, आकड्यांचा गोंधळ व्हायचा आणि बोलताना शब्द जरा उशिरा यायचे. तेवढा उशीर कुणाला सोसत नसे. समोरचाच तिचं वाक्य पुरं करून टाकायचा, आणि बहुधा चुकीचं.

आई होती तोवर घरातलं निम्मं काम छकुलीच उरकायची. आई गेली आणि दादाने तिला एका संस्थेत घातलं. सकाळी गाडी न्यायला यायची, संध्याकाळी सोडून जायची. तिथे लांबलचक टेबलाशी बसून खिळे, स्क्रू आणि नट निवडून वेगवेगळ्या डब्यांत घालायचे. संस्थेच्या बाई टाळ्या वाजवून "शाब्बास!" म्हणायच्या. छकुलीला टाळ्यांचं काही वाटत नव्हतं, पण काम तिने मनावर घेतलं. कुठेतरी कारखाना आहे, तिथली माणसं या डब्यांची वाट बघताहेत, असं ती धरूनच चालली होती. सर्दीने नाक गळत असलं तरी ती जायचीच. "माझ्यावाचून अडतं तिथे," असं वहिनीला ऐटीत सांगायची.

एका संध्याकाळी गाडीत बसल्यावर स्वेटर राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून ती परत आत गेली. बाई फोनवर गप्पा मारत टेबलाशी उभ्या होत्या आणि मोकळ्या हाताने एकेक डबा बादलीत उपडा करत होत्या. स्क्रूंचा, मग नटांचा, मग खिळ्यांचा. वर हात घालून सगळं ढवळलंसुद्धा.

"हे... काय करताय?"

"अगं, उद्याची तयारी! नाहीतर उद्या काय करणार तुम्ही?"

"आणि कारखाना?"

"कुठला कारखाना?" बाई हसल्या.

ते हसणं छकुलीच्या डोक्यात गेलं. तिने बादली उचलली आणि धाडकन जमिनीवर पालथी केली. खिळे कपाटाखाली गेले, दाराबाहेर गेले.

"आता तुम्ही... निवडा!"

दुसऱ्या दिवशी दादा-वहिनीला बोलावणं आलं. बाईंनी "हिंसक" हा शब्द वापरला. दादाने मान खाली घातली. "घरी समजावतो तिला," तो पुटपुटला. वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती, अर्धी शिफ्ट टाकून आली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही खरंच रोज सगळं परत मिसळता?"

"त्यांना गुंतवून ठेवणं महत्त्वाचं असतं हो. त्यांना कुठे काय कळतंय?"

"कळलं ना तिला! म्हणून तर बोलावलंत आम्हाला. मी धुतलेल्या चादरी कुणी रोज चिखलात टाकल्या असत्या ना, तर मी एका बादलीवर थांबले नसते."

घरी जाताना दादा वैतागला होता. "आता दिवसभर हिला ठेवायचं कुठे?"

"ठेवायला मी... कपाट आहे का?" छकुली म्हणाली. "मला काम पाहिजे. खरं."

वहिनीने लाँड्रीच्या सुपरवायझरकडे शब्द टाकला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. इथे गरम यंत्रं आहेत, दया वगैरे ठीक आहे, पण.

"दया राहू द्या तुमच्याकडेच," वहिनी म्हणाली. "आठवडाभर तिचं काम बघा."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. वॉर्डात दहा-दहा चादरींचे गठ्ठे जायचे. छकुलीच्या गठ्ठ्यांत कधी आठ निघाल्या, कधी तेरा. "बघितलंत?" सुपरवायझर म्हणाला.

"गठ्ठाच बघितलात," वहिनी भडकली. "घडी बघितलीत का?"

मग त्याने नाइलाजाने घडी बघितली. जी चादर धरायला दोघी लागायच्या, ती छकुली हात पसरून एकटीच झटकायची आणि काठाला काठ जुळवायची. प्रत्येक चादर गालाला लावून बघायची. कुठे दमट लागली की बाजूला. तिच्या हातून ओली चादर वॉर्डात गेली नाही. सुपरवायझर थोडा वेळ घुटमळला. मग खिशातला खडू काढून त्याने टेबलामागच्या भिंतीवर एक रेघ ओढली. "गठ्ठा इथवर आला की थांबायचं."

झालं. मोजणीचा प्रश्न मिटला. एक रेघ! शाळेत, संस्थेत, घरात, इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. सगळ्यांनी तिला काय येत नाही तेवढंच पाठ करून ठेवलं होतं.

काही महिन्यांनी सुपरवायझर स्वतःच विचारायला आला. "तुझ्यासारखं अजून कुणी आहे का गं तिकडे संस्थेत? माणसं कमी पडताहेत."

"माझ्यासारखं... कुणी नाही." छकुलीने थोडा विचार केला. "लंबू आहे. शेजारी बसायचा माझ्या. ताकद खूप. कपड्यांच्या गाड्या ढकलेल दिवसभर. पण मोठा आवाज... सहन होत नाही त्याला. ड्रायरपाशी नको."

सुपरवायझरने लहान मुलासमोर डोलवतात तशी मान डोलावली. लंबूच्या वडलांना महत्प्रयासाने पटवलं, आणि पहिल्या सकाळी त्याला उभं केलं ते नेमकं ड्रायरपाशी! दुपारच्या आत लंबू कानांवर हात दाबून जिन्याखाली जाऊन बसला होता.

"म्हटलंच होतं मी," सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, "सगळ्यांनाच काही जमत नाही."

छकुलीने हातातली चादर खाली ठेवली आणि तरातरा चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी सांगितलं होतं. ड्रायर नको. तुम्ही..."

"तिचं म्हणणं असं की," इस्त्रीवाली मदतीला धावली.

"मी बोलतेय!" छकुली कडाडली. इस्त्रीवाली मागे सरकली. घड्या घालणारे हात जागच्या जागी थांबले. या वेळी शब्द यायला फारच वेळ लागला, पण कुणी मध्ये पडलं नाही. "तुम्ही ऐकलं नाही. मग... चूक कुणाची?"

सुपरवायझरचे कान लाल झाले. "माझी," तो हळूच म्हणाला.

"मला नका सांगू. त्याला सांगा."

तो जिन्याकडे निघाला. नीट सांगतो की नाही ते बघायला छकुलीही त्याच्या मागोमाग गेली.