विचारायचं नाही, सांगायचं

अमळनेरला आमच्या गल्लीत सिनेमाचं मासिक एकाच घरी यायचं, शेजारच्या मारवाडी कापडवाल्यांच्या सुनेकडे. तिचं वाचून झालं की ते माझ्याकडे यायचं आणि मी ते जाडजूड पुस्तकात लपवून वाचायचे. त्यातच मला माझी गुरू सापडली. तेव्हाची फार गाजलेली नटी होती ती. मुलाखतीत तिने सांगितलं होतं की ती कुणाची परवानगी म्हणून मागत नाही. ठरवते आणि सांगून टाकते. आपलं बोलणं आपणच बोलते, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबते. मी नुकतीच बी.ए. झाले होते, अक्कल मात्र अजून यायची होती. हे सगळं तिला बंगला, गाडी आणि दोन नोकर झाल्यावर सुचलं असेल, ही शंकाही मला शिवली नाही.

मला धुळ्याला बी.एड. करायचं होतं, वसतिगृहात राहून. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर परगावी शिकायला राहिली नव्हती. शिंदखेड्याचं एक स्थळ दाराशी येऊन थांबलं होतं. यंदा गेले नसते तर पुढच्या वर्षी थेट सासरीच गेले असते.

आबा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुकादम होते. महत्त्वाचं काही असलं की ते मुलींशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी आईला म्हणायचे, ‘पोरले सांग.’ मीही मग आईलाच सांगायचे. आई मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं तांदळासारखं निवडायची आणि खडे काढून पुढे सरकवायची. महिनाभर तिचं तेच चाललं होतं. कधी म्हणायची धुळ्याला मावशी आहेच लक्ष ठेवायला, कधी म्हणायची मास्तरीण झालेल्या पोरीला स्थळं बरी येतात. आबा आता ‘हं’ म्हणायला लागले होते. आमच्या घरात ‘हं’ म्हणजे अर्धा होकार.

‘आठ दिन गप बठ,’ आई मला म्हणाली.

पण गप्प बसेल ती त्या नटीची शिष्या कसली!

रविवारी दुपारी आबा शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खात बसले होते. मी हनुवटी वर करून दारात उभी राहिले. ठरल्याप्रमाणे क्षणभर थांबले. तो क्षण जरा लांबला. मग एका दमात म्हणाले, ‘आबा, मी धुळ्याला बी.एड.ला जाणार आहे.’ डोळ्यांत बघायचं राहूनच गेलं. मी त्यांच्या वाटीतल्या तर्रीशी बोलत होते.

आबांनी हातातला घास खाली ठेवला आणि चक्क मलाच विचारलं, ‘का व, तू इचारी राहिनी का सांगी राहिनी?’

नटीला हा प्रश्न कुणी विचारलेला नसणार. निदान मुलाखतीत तरी त्याचं उत्तर नव्हतं.

‘विचारतेय, आबा,’ माझ्या तोंडून निघालं.

‘मंग नही,’ आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

आईची महिनाभराची मेहनत मी एका वाक्यात मातीत घातली होती. मला रडू फुटलं. तेही नट्या रडतात तसं नाही, चांगलं नाक गळत.

आई चुलीपुढून उठली. पिठाच्या हातांनीच आबांसमोर जाऊन बसली.

‘ती इचारी राहिनी. मी सांगी राहिनू. पोर धुयाले जाई.’

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. आबा ताटातच हात धुऊन उठून गेले. ‘नाही’ मात्र म्हणाले नाहीत.

मी धुळ्याला गेले. वसतिगृहात कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवला, तो नटीचा! धन्य माझी.

दिवाळीला घरी आले तेव्हा कळलं, मी गेले त्या दिवसापासून आबा आईशी बोलत नव्हते. तिच्या हातचं जेवत होते, तिनेच धुतलेलं धोतर नेसत होते, पण बोलणं बंद. आईने मला हे एका अक्षरानेही कळवलं नव्हतं. मला तिथेच फार वाईट वाटलं, आणि तिचा फार अभिमानही वाटला.

पहिल्याच दिवशी आम्ही जेवायला बसलो. आई हातभर अंतरावर वाढायला बसली होती. आबांनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि मला म्हणाले, ‘तुनी मायले सांग, पोर वाळी गयी. तिले तूप वाढ.’

आईने ऐकलं होतंच. तरी ती तुपाची वाटी हातात धरून, मी सांगायची वाट बघत माझ्याकडे बघत राहिली. आणि कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलायला निघालेल्या मला तिच्या डोळ्यांत बघून एक शब्द बोलता येईना.