बंद बटणाचा करंट

वायरमन पुष्कळ असतात, पण आयुष्यात एकदाही करंट न खाल्लेला वायरमन आपल्याच गल्लीत राहतो, ही बातमी गल्लीला त्याच्याच तोंडून कळली होती आणि अधूनमधून पुन्हा कळत असे. शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, म्हणून माणसाचं नावच टेस्टर पडलं. लग्नाच्या फोटोतही कोटाच्या खिशातून तो डोकावतोय. बायको म्हणते, आधी तो दिसला, नवरा नंतर.

करंट न खाण्याचं गुपित साधं होतं. 'आधी बटण बंद, मग हात' हा नियम उस्तादाने त्याच्या टाळक्यात टपल्या मारून बसवला होता, आणि तो असा बसला की ज्या घरात अजून वीजच आलेली नाही तिथेही टेस्टर आधी बटण बंद करायचा. बॅटरीतले सेल बदलतानासुद्धा. एकदा पाहुण्यांकडे जेवताना डोक्यावरच्या पंख्याच्या दांडीला जळमट दिसलं, तर ते काढायला यजमानांना न विचारता त्याने पंखा बंद करून टाकला आणि सगळे घामाघूम होऊन जेवले.

गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या काठी, त्याची धाकटी बहीण राहायची. ती शिवणकाम करायची आणि तिचे यजमान, म्हणजे दाजी, होडीतून माणसं पलीकडे सोडायचे. होडी वल्ह्यांवर चालायची. मागच्या खोलीत गोणपाटाखाली एक जुनी मोटर होती, होडीच्या पाठीला लावायची, दाजींच्या वडिलांची. कितीतरी वर्षं ती मुकी पडली होती, पण दाजी दर आठवड्याला तिला फडक्याने पुसायचे. आपल्या आधीपासून या घरात नांदतेय म्हणून बहीण तिला सवत म्हणायची.

भांडण खोलीचं होतं. शिलाई मशीन स्वयंपाकघरात असल्यामुळे गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कांद्याचा वास लागायचा. शेवटी बहिणीने निकाल दिला. रविवारी भंगारवाला येतो. तोवर मोटर चालली तर ती पाण्यात जाईल, नाही तर हातगाडीवर. दाजी त्या दिवसापासून जेवताना मागच्या खोलीकडे तोंड करून बसू लागले. हे टेस्टरला बघवेना. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "दाजी, वायर ती वायर. घरात असो नाही तर होडीत. तुम्ही निवांत जेवा."

मोटरचं झाकण काढल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, मेन स्विच कुठाय? दाजी म्हणाले, नाहीये. मग करंट येतो कुठून? दाजींनी दोरीकडे बोट दाखवलं. दोरी ओढली की वरचं चाक फिरतं, चाकाखालच्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती प्लगला जाऊन ठिणगी पडते. म्हणजे ही बया स्वतःच्या घरची वीज स्वतःच करते, हे ऐकून टेस्टरने खिशातला टेस्टर काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

जुन्या वायरींची दशा वाईट होती. हात लावला की वरचं रबर बिस्किटासारखं तुटायचं आणि रंग म्हणाल तर सगळ्यांचा एकच, काळाकुट्ट. कुठली कुठे जाते हे विसरू नये म्हणून टेस्टरने बहिणीच्या डब्यातले दोरे काढले. प्लगच्या वायरीला लाल गाठ, होडीच्या दिव्याच्या वायरींना पिवळ्या, बटणाच्या वायरींना निळ्या. मग एकेक जुनी वायर काढून तिच्या जागी नवी घातली, टोकं डाग देऊन पक्की केली आणि सगळ्यांना मिळून एका नळीत असं देखणं बांधलं की बहीणसुद्धा म्हणाली, दादा, काजं करायला येशील का माझ्याकडे? मूळचं बटण गंजून त्याचा चुरा झाला होता. तिथे टेस्टरने घरातलं पांढरंशुभ्र बटण बसवलं. त्याच्या मते ताजमहालाला कळस चढला.

मग मोटर पाण्याच्या पिंपावर टांगली, बटण चालू केलं आणि दाजींनी दोरी ओढली. मोटर खोकलीसुद्धा नाही.

शनिवार त्यातच गेला. प्लग काढून मोटरच्या अंगाला टेकवून पाहिला, तर ठिणगीचा पत्ता नाही. कॉइल तपासली, ठीक होती. वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, चकचकीत झाले. टेस्टरने खिशातला टेस्टर जिथे जाईल तिथे खुपसला, तो काही पेटला नाही. मग संशय माणसांवर गेला. दाजी म्हणाले, हिने निळा दोरा सोडून घेतला असणार, परवा निळा ब्लाऊज शिवत होती. बहीण म्हणाली, माझ्या दोऱ्याने मोटर चालत असती तर तुमच्या वडिलांनी मला आधीच सून करून आणली असती. टेस्टरने निळ्या गाठी मोजून दाखवल्या, जागच्या जागी होत्या. पण दाजी ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होते, ती नजर त्याला कधी न खाल्लेल्या करंटपेक्षा जास्त लागली.

रविवारी हातगाडी दारात आली. भंगारवाल्याने लांबूनच मोटरचा अंदाज घेतला आणि उंबऱ्यावर बसून पाणी मागितलं. टेस्टर मान खाली घालून म्हणाला, निदान नव्या वायरी तरी काढून घेतो. सवयीने त्याने आधी बटण बंद केलं. एक हात मोटरवर टेकवला आणि दुसऱ्याने प्लगची वायर उपटली. पलीकडे दाजी उभे होते. त्यांना झाकणाआडचा हात दिसला नाही. निरोप घ्यावा तशी त्यांनी एकदाच, मनापासून, दोरी ओढली.

टेस्टर पिंपाला धडकून सांडलेल्या पाण्यात बसला. खांद्यापर्यंत मुंग्या, आणि डोळे एवढे मोठे की बहीण शिवण टाकून धावत आली.

"दादा, काय झालं रे?"

"करंट लागला."

"तुला?"

"आणि बटण बंद होतं." तो आधी बटणाकडे, मग हाताकडे बघत राहिला आणि अचानक हसायलाच लागला. "तायडे, बटण बंद होतं. बंद असताना करंट आहे. दाजी, हे बटण चालू करायचं नव्हेच, हे मोटर बंद करायचं बटण."

घराच्या बटणात वायरी जुळल्या की दिवा लागतो. इथे त्या जुळल्या की वीज प्लगकडे न जाता मोटरच्या अंगात मुरते आणि ठिणगी मरते. म्हणजे शनिवारभर टेस्टरने आधी मोटर बंद केली होती आणि मग दाजींना दोरी ओढायला लावली होती.

प्लगची वायर परत बसली. बटण बंदच राहिलं. दाजींनी दोरी ओढली, मोटर खोकली. पुन्हा ओढली, आणि पिंपातलं पाणी उसळून भंगारवाल्याच्या पेल्यात गेलं. अंगणभर निळा धूर झाला. मोटरला जोडलेला होडीचा दिवाही मिणमिणायला लागला. दाजी त्या धुरात इतका वेळ उभे राहिले की डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं.

टेस्टर बटण उलटं करून बसवायला निघाला, तर दाजींनी त्याचा हात धरला. म्हणाले, राहू द्या असंच, चोर आला तर तो आधी बटण चालू करेल आणि दिवसभर दोरी ओढत बसेल.

भंगारवाला जुन्या वायरींचं भेंडोळं घेऊन गेला. मोटर होडीवर चढली. दाजी ती घेऊन निघाले, आणि होडी काठावरून दिसेनाशी व्हायच्या आतच बहिणीने शिलाई मशीनचं एक टोक उचललं आणि भावाला दुसरं धरायला सांगितलं. खोली तिला मिळणारच होती, मोटर चालो न चालो, हे टेस्टरच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

खोलीत मशीनवर बल्ब लावायचा होता. टेस्टर बटणाशी गेला, ते बंद केलं, आणि होल्डरला हात लावण्याआधी थबकला.

"आता काय?" बहीण म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला. "दाजींची दोरी जरा लांब जाऊ दे."