आधी सत्कार, मग निवड

वटपौर्णिमेनंतरचा रविवार, सकाळ. ठिकाण: भीमेच्या काठचं माझं माहेर, तालुका शिरूर, भावाच्या घरासमोरचा पत्र्याचा मांडव. हजर: माझा थोरला भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, गावचे माजी सरपंच (यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात), आप्पांच्या मागेपुढे करणारी तरुण मंडळाची पोरं, आणि दौंडहून आलेली मी. गैरहजर: कबड्डीतलं काही कळतं असा एकही माणूस. भाच्याला दोन वर्षं शिकवणाऱ्या कॉलेजच्या कोचला कुणी बोलावलंच नव्हतं.

हजेरी आधी लिहायची सवय मला कंपनीने लावली. कुरकुंभला औषधांच्या एका कारखान्यात मी पॅकिंगची पाळी सांभाळते. पाळी बदलताना आम्ही तीनच गोष्टी बोलतो: कोण आलं, काय झालं, काय राहिलं. त्यापलीकडचं बोलणं चहाच्या वेळेत. त्या रविवारी मांडवात जे बोलणं झालं ते सगळं चहाच्या वेळेतलं होतं, आणि ठरत मात्र होतं एका पोराचं वर्ष.

भाचा माझ्याकडे राहून कॉलेज करत होता. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली होती. कबड्डीत तो डाव्या कॉर्नरला उभा राहतो. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, हे त्याचं काम. टीव्हीवर जी कबड्डीची लीग दाखवतात, तिच्यातल्या एका संघाने त्याला शिबिराला बोलावलं होतं. अशा शिबिरात पुष्कळ पोरं पारखतात, थोडी ठेवतात, बाकीची घरी पाठवतात. शिबिर नेमकं कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत आलं होतं. प्रवेश चुकला तर तिसरं वर्ष बुडणार आणि विद्यापीठाच्या संघाकडून खेळायची संधीही जाणार. विद्यापीठाकडून खेळल्याच्या प्रमाणपत्रावर पुढे पोलिसात, रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो. तेव्हा जावं की थांबावं, हा प्रश्न.

मी पदवीला ओवाळणाऱ्यांपैकी नाही. आमच्या पॅकिंगला पदवीधर ढिगाने येतात आणि त्यांना खोक्यावरची तारीख वाचायला शिकवावी लागते. भाच्याच्या कॉलेजात तर वर्ग भरतो की नाही हे शिक्षकांनाही परीक्षेला कळतं. खेळाडूचं अंग चार-सहा वर्षंच साथ देतं. ती वर्षं रिकाम्या बाकांसमोर घालवावीत असं मी कुणाला सांगणार नाही. संघाने करार हातात दिला असता तर मीच त्याची पिशवी भरली असती. पण हातात होतं ते "ये, बघू" एवढंच. "ये, बघू" म्हणणाऱ्यासाठी माणूस घरदार विकून निघत नाही. निघतो तो परतीचा रस्ता बघून.

म्हणून मी विचारलं, "आप्पा, एक बोलू?"

"बोला की ताई. माहेरवाशिणीला न्हाई म्हणून चालतंय व्हय?"

"त्यांनी नाही घेतला तर पुढं काय?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. भाऊ छताच्या पत्र्याकडे बघू लागला.

"ताई, शुभ बोला," आप्पा म्हणाले. "पोरगं अजून एष्टीत बसलं न्हाई आन् तुम्ही त्येला माघारी आणाय निघाला."

"जाणारी प्रत्येक एसटी माघारी येते, आप्पा. तिला कुणी अपशकुन म्हणत नाही."

मंडळाच्या अध्यक्षाला राहवलं नाही. "आत्या, तुमच्या कंपनीत गोळ्या मोजत्यात. हितं काळीज लागतंय."

"एक गोळी कमी निघाली तर आम्ही अख्खं खोकं परत फोडतो, बाळा. इथं अख्खं पोरगं पाठवायचंय. त्या संघाच्या माणसाला फोन कुणी केला?"

कुणीच केला नव्हता. गुडघा गेला तर दवाखाना कोण बघणार, हेही कुणी विचारलं नव्हतं. तिथे डाव्या कॉर्नरला आधीच कोण आहे, हे तर मंडळींना प्रश्न म्हणूनसुद्धा सुचलं नव्हतं. मग मी साधा मार्ग सांगितला: कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवायचा, सही करायची, आणि मग शिबिराला जायचं. तिथे राहिला तर आनंदच. परत आला तर वर्ष शाबूत. हजेरी तशीही कॉलेजात कोण घेतं?

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "दोन्ही डगरींवर हात ठिवणारा वाघ नसतोय, ताई."

"वाघ प्रवेश घेत नाही हे मला ठाऊक आहे. मी पोराबद्दल बोलतेय."

भाचा खाली बघून हसला. त्या बैठकीतलं त्याचं योगदान तेवढंच, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. आमच्याकडे ज्याचं लग्न असतं त्यालाही हळद लागेपर्यंत कुणी विचारत नाही, तसंच हे.

मग उठता उठता कळलं की बैठकीला अर्थच नव्हता. गुरुवारचा सत्कार आधीच ठरला होता.

"निवड झाल्यावर करा की सत्कार," मी म्हणाले.

आप्पांनी मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. "तवा आचारसंहिता लागलेली असंल, ताई. मांडव घालता येणार न्हाई, भाषण करता येणार न्हाई, फ्लेक्सवर माझा फोटू चालणार न्हाई. मंग सत्कार करायचा कुणी? ग्रामसेवकानं?"

सगळा मांडव हसला. माझा भाऊही हसला. मला त्याची कीव आली, आणि कीव येण्यासारखा तो माणूस नाही. शंभर गाडी ऊस स्वतः उभा राहून तोडून घेणारा, वजनात काटा मारू न देणारा माणूस आहे. पण आप्पा जिल्हा परिषदेला उभे राहणार होते, आणि आप्पांसमोर त्याच्या मानेला एक वेगळाच सांधा फुटतो.

गुरुवारी मी पाळी बदलून पुन्हा गेले. तिठ्यावर फ्लेक्स लागला होता. वरच्या ओळीत मोठे नेते, उजवीकडे हात जोडलेले आप्पा, खालच्या पट्टीत मंडळाची पोरं मोबाईल कानाला लावून, आणि मधोमध भाचा. चेहरा त्याचा होता, धड कुणा दुसऱ्याचं. ते धड चढाई करत होतं. भाचा आयुष्यात कधी चढाईला गेलेला नाही. हे मी अध्यक्षाला दाखवलं तर तो म्हणाला, "आत्या, लांबनं कोण बघतंय?"

शिरूरहून फेटेवाला आला, डीजे आला. उघड्या जीपमध्ये पोराला उभं करून मारुतीपासून शाळेपर्यंत नेलं. शाल झाली, नारळ झाला. भाषणं झाली आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल सांगितलं. आप्पा म्हणाले, "आमचा वाघ कॉलेजला लाथ मारून निघालाय!" टाळ्या पडल्या. त्याच व्यासपीठावर कॉलेजचे प्राचार्य बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, याला यंदा सोडू नका. आमच्याकडे मूल्यांकनाची समिती यायची आहे, विद्यापीठाचं पदक हवंय." मी विचारलं, हे माईकवर का नाही बोललात? ते म्हणाले, "ते वातावरण नव्हतं."

म्हणजे एकाला पोरगं फ्लेक्ससाठी हवं होतं आणि दुसऱ्याला पदकांच्या कपाटासाठी. बैलबाजारात गिऱ्हाईक निदान दात तरी बघतं.

संध्याकाळी भाचा मला मोटारसायकलवरून दौंडला सोडायला निघाला. फेटा काढून त्याने पिशवीत कोंबला होता. नदीच्या पुलावर त्याने गाडी थांबवली.

"आत्या, प्रवेशाची उद्याची शेवटची तारीख हाय."

"मग सकाळी जाऊ. सही करायला वेळ लागत नाही."

तो पाण्याकडे बघत राहिला. "लाथ मारली म्हणून सांगितलंय सगळ्यांना. आन् उद्या मी खिडकीत उभा? तिथं गावातली पोरं असत्यात, आत्या. फोटू काढतील."

"काढू देत."

"तुम्ही दौंडला ऱ्हाता. मला परत गावात यायचं असतंय."

यावर मी पुष्कळ बोलले. ते सगळं बरोबर होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. फेटा बांधलेल्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही, आणि तो फेटा त्याने स्वतः बांधून घेतला नव्हता. तो प्रवेशाला गेला नाही. शिबिराला गेला.

शिबिरात त्याला ठेवलं नाही. वजन कमी पडतं, खांदा भरायला हवा, पुढच्या वर्षी ये, असं सांगितलं. सांगणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी पारखून बघितलं आणि स्पष्ट बोलले. या सगळ्या प्रकरणात स्वतःचं काम नीट केलेली तेवढीच माणसं.

तो दौंड स्टेशनवर उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. गावाला गेलाच नाही. भावाने गावात सांगून टाकलं, "कॅम्प वाढलाय." तेव्हापासून एक सहा फुटी माणूस माझ्या दोन खोल्यांत लपून आहे. रविवारच्या बाजाराला गावची माणसं येतात, म्हणून भाजी मी एकटीच आणते. वहिनी दवाखान्याचं निमित्त काढून आली, शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या घेऊन.

"वाळलायस रं."

"न्हाई गं आई. तिथं खाणं चांगलं व्हतं. अंडी, पनीर, सगळं."

"मंग तितंच ऱ्हायचं व्हतंस," वहिनी बोलून गेली, आणि मग बराच वेळ भाकरीचं फडकं घडी करत बसली.

आपलं तोंड तिला दिसायला नको म्हणून तो माझ्याबरोबर लसूण सोलायला आला. सोलता सोलता सांगू लागला. टीव्हीवर दिसणारा एक मोठा गडी चढाईला आला होता. याने घोटा धरला. तो गडी फरफटत रेषेपर्यंत गेला, पण याने सोडला नाही. मग त्या गड्याने उठून याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, छान. सांगताना याची बोटं लसणीवर तशीच आवळली होती.

"परत बोलावलं तर मी जाणार, आत्या."

"जा. प्रवेश घेऊन जा."

तेवढ्यावर आम्हा दोघांचं जमलं. त्या मांडवात जर आम्ही दोघेच बसलो असतो तर चहा निवायच्या आत ठरलं असतं.

कॉलेजच्या कोचला मी नंतर भेटले. ते म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. आधी सही, मग शिबिर. आमची पोरं असंच करतात." प्राचार्यांनाही भेटले. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या त्याच हातांनी त्यांनी प्रवेश बंद झाल्याची पाटी दाखवली. मी खुर्चीवरून उठले नाही, तेव्हा बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसायचा मार्ग त्यांना आठवला. तसा त्याचा अर्ज भरला आहे. पदवी होईल. विद्यापीठाकडून खेळणं यंदा गेलं, प्रमाणपत्र गेलं. पहाटे कोच त्याला मैदान उघडून देतात. खांदा भरतो आहे.

आणि मग आचारसंहिता लागली. सरकारी माणसं गाडी घेऊन तिठ्यावर आली. कायद्याप्रमाणे त्यांनी आप्पांच्या फोटोवर कागद चिकटवला, वरच्या नेत्यांवर चिकटवला, खालच्या मंडळावरही चिकटवला. खेळाडूवर आचारसंहिता नसते. त्यामुळे आता त्या फ्लेक्सवर एकटा भाचा उरला आहे, दुसऱ्याच्या धडावर, चढाई करत, "हार्दिक अभिनंदन"च्या खाली. ज्यांनी त्याला तिथे चढवलं ते सगळे झाकले गेले.

तो म्हणतो, "त्यो उतरला की मी घरी जाईन." भावाला सांगितलं तर म्हणतो, काढला की गावाला कळेल. आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आता मला त्याला हात लावता येत न्हाई, आचारसंहिता हाय." मंडळाचा अध्यक्ष फोनच उचलत नाही.

तेव्हा हे काम माझ्याकडे आलं आहे. सुट्टीचा वार बघून ठेवला आहे. दोऱ्या कापायला विळ्याला धार लावून आणली आहे, भाचा मोटारसायकल चालवायला तयार आहे, फक्त तिठ्याच्या अलीकडे थांबेन म्हणतो. फ्लेक्स उंच आहे, हात पोचत नाही. गावात शिडी मागितली तर कशाला हवी ते सांगावं लागेल, आणि दौंडहून मोटारसायकलवर ती नेता येत नाही. शिडीचं अजून जमलेलं नाही.