प्लॉट बघून घेतलेला कोर्स

आमच्या राजुरीत टोमॅटोचं नवं वाण कोणी पाकिटावरचं चित्र बघून लावत नाही. मागच्या हंगामात ज्यानं ते लावलं त्याच्या प्लॉटवर जायचं, पानं उलटी करून बघायची, मग ठरवायचं. मी मात्र सायबर सुरक्षेचा कोर्स माहितीपत्रक वाचून ठरवून टाकला होता, क्लासमध्ये नावही नोंदवलं होतं.

वडील शेतकरी चळवळीतले. घरात खताच्या गोण्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे. छापलं की जाब द्यावा लागतो, हे ऐकतच मी वाढले. त्यामुळे नारायणगावच्या एका क्लासच्या गुळगुळीत कागदावर ‘एथिकल हॅकर व्हा, नोकरी हमखास’ दिसलं, तेव्हा ते खोटं असेल अशी शंकाही आली नाही. फोनवरून साध्या माणसांना गंडवणाऱ्यांशी मला लढायचं होतं. शिकायला घरानं एकच वर्ष दिलं होतं. ते वाया गेलं की गावच्या पतसंस्थेत चिकटायचं, असं ठरलेलं.

चुलत्यांनी हटकलं. “कागुद काय बघती? लावलेला प्लॉट बघितला का?”

कागदावर एका मुलीचा फोटो होता, खाली ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट’. ती शिनोलीची, एवढं क्लासमध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. ती झेरॉक्सच्या दुकानात कोणाचा तरी सातबारा काढत होती. माहितीपत्रक पुढं केलं तर हसायलाच लागली.

“फोटू माझाच हाय. नोकरी तेवढी न्हाई.”

“आणि सर्टिफिकेट?”

“त्यांनीच शिकवलं, त्यांनीच पेपर काढला, त्यांनीच पास केलं. पुण्यात मुलाखतीला सायबांनी सर्व्हरच्या नोंदी पुढं ठेवल्या. म्हणले, चोर कुठून शिरला सांग. मला नोंदी वाचायलाच येईनात. आमाला नुसती बटणं दाबायला शिकवलेली. आता नेटवर्किंग पहिल्यापासून शिकतीया.”

मला संताप आला, पण त्याहून जास्त हायसं वाटलं; माझं वर्ष अजून वाया गेलं नव्हतं. तिथंच ठरवलं: आधी नेटवर्किंगचा पाया, मग असं प्रमाणपत्र, ज्याची परीक्षा शिकवणारा घेत नाही आणि ज्यात काम करून दाखवावं लागतं. क्लासमध्ये नाव काढून घ्यायला गेले, तर काउंटरवरचा म्हणाला, “मॅडम, तुमी लई खोलात जाता.”

“याच कामाला खोलात जावं लागतं,” मी म्हणाले.

आता दर रविवारी मी शिनोलीला जाते. दुकानातले दोन जुने कॉम्प्युटर आम्ही जोडलेत. परवा तिनं चुकीचे पासवर्ड टाकत माझ्या मशीनमध्ये शिरायचा प्रयत्न केला आणि मी नोंदी उघडून बसले.

“घावलं का?”

“घावलं. दोन वाजून सात मिनिटांनी सुरुवात. अकरा वेळा चुकलीस.”

“बारा! नीट मोज, बाई. चोर काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?”

परत मोजले. बाराच होते. घरानं दिलेल्या वर्षातला अजून दुसराच महिना चालू आहे.