बेटावरून आलेला फोन

अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या काकू फार भित्र्या. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडायच्या, जणू पूर्ण केलं तर ते खरंच होईल. त्यांची मुलगी मैत्रिणीबरोबर पाठीवर सॅक टाकून थायलंडला गेली होती. "शहरं झाली, जंगल झालं. आता बेटावर आहेत, तिथे म्हणे..."

२००४च्या डिसेंबरात टीव्हीवर तिथल्याच किनाऱ्यांवर आलेल्या त्सुनामीच्या लाटा दिसल्या आणि मी काकूंकडे धावले. त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुपारी तो वाजला. काकूंनी स्पीकर लावला. मुलगी टेकडीवर पळाल्यामुळे वाचली होती, मैत्रीण मात्र सापडत नव्हती.

"आई, आय वॉन्ट टू कम होम," ती रडत म्हणाली.

काकू म्हणाल्या, "आत्ता येऊ नकोस. तिला शोध. सगळी हॉस्पिटलं बघ."

फोन ठेवून त्यांनी माझा हात घट्ट धरला. "परत लाट आली तर गं..."

पुढे मैत्रीण एका हॉस्पिटलात सापडली, पाय मोडलेली, पण जिवंत. तोवर काकू रोज त्या मैत्रिणीच्या आईच्या घरी जाऊन तिच्याजवळ बसून राहिल्या. आपली मुलगी वाचल्याचा आनंद त्यांनी त्या घरात एकदाही चेहऱ्यावर येऊ दिला नाही.