जोनचा बोळ आणि माझी मेथी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही, देवापुढेही नाही. चौथी शिकलेली बाई मी, गोडगोड लिहिता येत नाही. मैत्रीण समजून वाचा — नाहीतर राहू द्या.

इंग्लंडात लेस्टरला मुलाकडे आले तेव्हा सहा महिने एकटी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. पडणार कशी? भाषा नाही, रस्ता ठाऊक नाही. मला पाय दिले ते शेजारच्या जोननं. ऐंशीची म्हातारी, हातात काठी. मला 'डक' म्हणायची. मुलगा हसला, "आई, बदक म्हणतेय तुला. इथं लाडानं म्हणतात." म्हटलं, म्हणू दे.

आमच्या घरांच्या मागून एक बोळ बसस्टॉपला निघायचा. त्यातून तिनं मला नेलं. पास कसा दाखवायचा, उतरताना ड्रायव्हरला थँक्यू कसं म्हणायचं, सगळं शिकवलं. बेलग्रेव्ह रोडवर आपल्याकडची दुकानं, तिथून एकटीनं कोथिंबीर घेऊन आले त्या दिवशी — लग्न झाल्यापासून इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

मग तो बोळ बंद करायचं निघालं. कचरा पडतो, चोर येतात म्हणून. बंद झाला की ज्याच्या घरामागचा तुकडा त्याला मिळणार. सहा फूट जमीन. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस दारोदार विचारत आला, सोबत हिंदी बोलणारी मुलगी. जोन तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात. मुलगा-सून कामावर. मुलीनं मला विचारलं, "माँजी, पीछेसे कोई आता-जाता है?"

मी काय म्हणाले? सांगते. आधी दुसरं सांगते.

गावी माझ्या दिरानं आमचा बांध वीस वर्षं कोरला. दर नांगरटीला नांगराचं एक तास आमच्या रानात. त्याला मी भर चावडीपुढे शिव्या घातल्यात. अजूनही घालते.

आणि अमेरिकेचं सांगते. त्याच वर्षी लेकीकडे गेले, टेक्ससला. दुकान समोर दिसायचं, पण मध्ये नदीएवढा रस्ता आणि फुटपाथच नाही. दूध आणायला चालत निघाले, तर पोलिसाची गाडी थांबली — म्हातारी हरवली की काय! लेक धावत आली. "अगं आई, इथं कुणी चालत नाही!" त्यांची निवडणूक आलेली. टीव्हीवर दिवसभर लढाई, तेल, टॅक्स. लेक मला समजावून सांगायची. एवढा मोठा देश, एवढे पुढारी — म्हातारीनं दुकानात जायचं कसं, हे एकानंही काढलं नाही. खिडकीत बसून मी विचार करायचे, हे शहर असं केलं कुणी? राक्षसानं? छे. कुणीतरी विचारलं असेल, इथून कोण चालतं? आणि कुणीतरी उत्तर दिलं असेल.

मी दिलं तसं. "कोई नहीं."

जोन रोज जायची. मीही जायचे. पण मला त्या सहा फुटांत मेथी लावायची होती. मुलानं सांगितलं नव्हतं, सुनेनंही नाही — डोकं माझंच. मी लांबून जाईन, माझे पाय धड आहेत. आणि जोनचे? ते माहीत होतं मला. माझ्या एकटीच्या शब्दानं बोळ बंद झाला असं नाही म्हणत. पण माझा शब्द खोटा होता.

लेकीकडून परत आले तर बोळाला फाटक बसलेलं. स्टॉपला आता चढावरून वळसा. जोननं कुंपणावरून विचारलं, मी जाते-येते हे तू सांगितलंस ना त्यांना? मी म्हणाले, "येस, येस. आय टेल." तिनं माझा हात दाबला. "थँक्यू, डक."

ती पुढे दोन वर्षं जगली. बस तिनं पुन्हा धरली नाही. दूध-पाव मी नेऊन द्यायचे, तर गल्ली मला पुण्यवान म्हणायची. पहिल्या मेथीचे पराठे तिलाच दिले. लोणी लावून खाल्ले तिनं, आणि पुन्हा थँक्यू म्हणाली. या देशात मी माणसासारखी जगले ती तिच्यामुळे. मला ती भेटली हे माझं नशीब. तिला मी भेटले, हे तिचं.

दिराला मी माफ केलेलं नाही. म्हणून स्वतःसाठीही काही मागत नाही.

आजही बसमधून उतरताना थँक्यू म्हणते. ते तिचं. मागे मेथी दरवर्षी झकास येते. ती माझी.