इनास मास्तरांची मधली जागा

मास्तर गेले ते मला मास्तरांच्याच फोनवरून कळलं. माणिकपूरच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाशी काळ्या ग्रॅनाइटच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झालो. "मास्तर, दोन नावं तीन आठवडे तुमच्या त्या डब्यात अडकलीत. ज्यांची नावं आहेत त्यांना घाई नाही, पण त्यांची पोरं माझ्या डोक्यावर बसलीत. फेकून द्या तो कॉम्प्युटर आणि नवा घ्या..." पलीकडून मास्तरांच्या बायकोचा, वहिनींचा आवाज आला. "शेठ, मी रेजिना बोलतेय. मास्तर पहाटे गेले. झोपेतच." हातातली मोजपट्टी तशीच उघडी राहिली. माझा चेहरा बघून गिऱ्हाईक म्हणालं, "बरं बाबा, तुमचाच भाव. असे गप्प नका बसू." त्याने कबूल केलेला भाव काय होता ते मला आजही आठवत नाही.

मी थडग्यांचे दगड कोरतो. साताऱ्याकडून छिन्नी-हातोडी घेऊन वसईला आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला होतो, मग स्वतःचं दुकान झालं, मग संगणकावर चालणारं कोरणीयंत्र आलं. दुकान थाटलं त्या वर्षी जवळच्या गावातले चित्रकलेचे शिक्षक इनास मास्तर वडिलांच्या दगडासाठी आले. मी कौतुकाने नमुने दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे नाव आहे की हजेरीपट?" म्हणाले. मी भडकलो. मग भावावर आलो. मी अक्षरावर पैसे घेतो, आणि जोडाक्षराचे दुप्पट. मास्तर म्हणाले, "जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर. दोघं एकमेकांना धरून उभे आहेत, त्यांचं तिकीट दोनदा कसलं काढता?" मी म्हणालो, कोरायला वेळ दुप्पट लागतो. ते म्हणाले, शिकवायलाही लागतो, पगार एकच मिळतो. तासभर चाललं. शेवटी मी हरलो. मी फार कमी वेळा हरलोय, म्हणून ते लक्षात आहे. वडिलांचं नाव त्यांनी स्वतः कागदावर काढून आणलं, मी ते कोरलं, आणि पुढच्याच महिन्यात त्या गावातली माणसं येऊन सांगू लागली, "तसलं अक्षर पाहिजे."

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर घेतला. पाठीला कुबड असलेला जाड मॉनिटर, खाली करडा डबा, गोल पिनेचा कीबोर्ड. केळीच्या वाडीकडे उघडणाऱ्या मागच्या खोलीत तो बसवला आणि दोन वर्षं घालून आपली सगळी अक्षरं, काने-मात्रे, जोडाक्षरं त्यात एकेक करून काढली. मी नाव सांगायचो, ते बसवून द्यायचे, मी पेनड्राइव्हवर घेऊन जायचो आणि यंत्राला लावायचो. माझ्या डोक्यात साधा व्यवहार होता. दर नावाला पंधरा मिनिटांचा रिक्षाप्रवास कशाला? "मास्तर, अख्खा संच द्या. बोला किती?" दर वेळी मी आकडा वाढवायचो आणि दर वेळी ते तेच म्हणायचे. "नाव घेऊन या, नाव देतो. अक्षरं घेऊन काय कराल? दोन अक्षरांमधली जागा कोण देईल? तुम्हाला शेठ, जागा फुकट वाटते, कारण तिचे तुम्ही पैसे लावत नाही." आणि मग ते त्यांची ती सवय करायचे, जिच्यावर मी हसायचो. स्क्रीनवरचं नाव उलटं करायचे, डोकं खाली पाय वर, आणि खुर्ची मागे ढकलून बघत बसायचे. "सरळ असलं की आपण नाव वाचतो. उलटं केलं की जागा दिसते." मग एखादं अक्षर केसभर इकडे, केसभर तिकडे. आतून वहिनी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी ओरडायच्या. मला ती बोली निम्मीच कळते, पण माझ्या नावाने बोटं मोडली जातायत एवढं नेमकं कळायचं.

एके दिवशी कुरिअर आलं म्हणून मास्तर ओट्यावर गेले आणि मी तो संच माझ्या पेनड्राइव्हवर ओढून घेतला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मला ती चोरी वाटलीही नव्हती. मी भाव लावला होता, समोरच्याने अडवून धरला होता, मी आपली वाट काढली. दुकानात जाऊन उघडलं तर नुसते चौकोन दिसले, एक अक्षर धड नाही. पेनड्राइव्ह व्हायरसने भरलेला होता, हे दोन दिवसांनी माझं स्वतःचं मशीन बसलं तेव्हा समजलं. त्यानंतर तीन-चार महिने मास्तर म्हणत राहिले, "सध्या नावं होणार नाहीत, मशीन आजारी आहे." मी काही बोललो नाही. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मात्र नियम बदलला होता. पेनड्राइव्ह लावायचा नाही, आणि लावला तरी तो कॉम्प्युटर ओळखत नसे. एका नावाला एक सीडी. जग कुठल्या कुठे गेलं आणि मी दर आठवड्याला एक नाव लिहिलेली सीडी आणायला रिक्षाने जातोय! "मास्तर, पोर्ट बिघडलंय, माणूस पाठवतो." "राहू द्या शेठ, जुनं मशीन आहे, त्याला परकी वस्तू सोसत नाही." इतक्या गोड आवाजात, की भांडायला जागा नाही. नऊ वर्षं हे चाललं. माझी तक्रार हीच होती आणि मी ती सगळ्या माणिकपुरात करून ठेवली होती, की म्हातारा हट्टी आहे, मला मुद्दाम खेपा घालायला लावतो. शेवटी सीडीचा कप्पाही अडकला, बाहेर येईना. मास्तर म्हणाले, या, बघू काय करायचं. मी रागाने गेलो नाही. तीन आठवडे गेलो नाही... मग तो फोन आला.

दफनानंतर आठवड्याने वहिनींनी बोलावलं. "चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेला दगड लागला पाहिजे. अक्षर त्यांचंच हवं. आणि आडनाव नको, गावात त्या आडनावाची शंभर घरं आहेत. 'इनास मास्तर' एवढंच कोरा. मास्तर एकच होते." मी म्हणालो, एवढंच ना. अक्षरं त्या डब्यात होती, फक्त बाहेर काढायची होती.

कॉम्प्युटर दोनदा नुसता गुरगुरला आणि तिसऱ्यांदा उठला. मी चार पेनड्राइव्ह नेले होते, लहानातला लहान, जुन्यातला जुना, शिवाय बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क. पुढे लावले, मागे लावले, वायर बदलून लावले. पेनड्राइव्हचा दिवा लागायचा, पण स्क्रीनवर काही नाही. प्रिंटर आणला, तोही त्याच वाटेने जोडायचा, त्यालाही ओळख नाही. अक्षरं माझ्या समोर दिसत होती, इ, ना, स, काचेच्या पलीकडे, आणि मला एकही हातात घेता येत नव्हतं. मोबाइलने फोटो काढले. काच फुगीर, त्यामुळे अक्षरांची पोटं सुटलेली, आणि अंगावर काळे पट्टे. शेवटी तुळिंजहून मेघनाला बोलावलं. तिचं दुरुस्तीचं दुकान आहे, माझ्या मशीनचंही तीच बघते. तिने पाच मिनिटं टकटक केलं, डब्याला कान लावला आणि माझ्याकडे वळली.

"काका, पोर्ट मेलेलं नाहीये. बंद केलंय. मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन, मुद्दाम."

"मग चालू कर."

"त्यासाठी रीस्टार्ट करावा लागेल. आणि तुम्ही ही टिकटिक ऐकताय ना? हार्ड डिस्क जायला आलीय. आता उठलाय ते नशीब समजा. बंद केला तर परत उठेल अशी गॅरंटी मी देणार नाही. चालू आहे तोवर जे करायचं ते करा."

"इथली वीज कधीही जाते."

"तेच तर सांगतेय."

वहिनींनी कपाटातून एक वही आणून दिली. "यात ते मशीनचं लिहायचे, बघ बाई तुला काही सापडतं का." शाळेच्या ऑफिसात असते तशी नोंदींची वही होती ती. कधी रॅम साफ केली, कधी पंखा बदलला, सगळं त्यांच्या त्या अक्षरात. मेघनाने एक पान उघडलं, वाचलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. 'यूएसबी बंद केले. कारण : शेठ.' त्याखाली आणखी एक ओळ होती. 'बोलायचे नाही. बोललो तर यायचा बंद होईल.'

मेघना वायर गुंडाळू लागली. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं का, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखू शकलो नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून त्याचा शेवटचा आकडा ओळखणारा मी. मेघना गेल्यावर त्या खोलीत मी एकटा होतो आणि खरं सांगतो, मला आधी रागच आला. एकदा तोंडावर म्हणायचं ना, "शेठ, तुम्ही चोर आहात!" मी आरडाओरडा केला असता, नाकबूल केलं असतं, चार महिने आलो नसतो, मग एक दिवस येऊन कबूल केलं असतं. माझी तीच रीत आहे, त्यांना माहीत होती. पण त्यांनी मला न विचारता निकाल दिला, न विचारता माफ केलं आणि वरून नऊ वर्षं चहा पाजला. त्या चहाचा आता मी काय करू? उलट उत्तर द्यायला समोर कोणी नाही. डबा टिकटिक करतोय, बंद करता येत नाही आणि सोडून जाता येत नाही.

शेवटी वहिनींकडून केक भाजताना लावायचा पातळ कागद घेतला आणि स्क्रीनला चिकटवून पेन्सिलीने अक्षर गिरवायला बसलो. काच मधेच तेवढी सपाट धरता येते, म्हणून एका वेळी एकच अक्षर, बरोबर मधोमध, दगडावर हवं त्या मापाचं. पहिलं इ तीनदा फाडलं. ना जमला. दोन दिवस दुकान सोडून मी त्या खोलीत बसून होतो, पंखा लावायची भीती, उगाच भार पडून फ्यूज उडायला नको. घाम कागदावर पडू नये म्हणून मानेला टॉवेल. आठवीतल्या पोरासारखा मी 'स्त'ची गाठ गिरवत होतो आणि वहिनी मधूनमधून येऊन सांगत होत्या, "अजून आहे वीज." दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा र उतरवला. मी कागद खिशात ठेवतोय तोवर दिवा गेला. टिकटिक थांबली. वीज तासाभराने आली, कॉम्प्युटर आला नाही. मेघनाने नंतर पुष्कळ खटपट केली, पण त्यातलं काही परत मिळालं नाही. दोन वर्षांची अक्षरं, आणि माझ्या व्हायरसमुळे पुन्हा काढावी लागली ती चार महिन्यांची. उरली सहा.

दुकानात मी ती सहा अक्षरं कापून काळ्या ग्रॅनाइटवर ठेवली आणि तेव्हा मला समजलं की आपण काय आणलेलं नाही. अक्षरं एकेकटी आणली होती. मधली जागा आणलीच नव्हती, आणता येणारही नव्हती. इ आणि ना एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मा आणि स्त खेटले. सरकवले तर सगळं नाव विस्कटलं. हाच संच मी नऊ वर्षांपूर्वी धडधाकट पळवला असता तरी माझ्या दगडांवर हजेरीपटच उमटला असता. मी दगडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि नाव उलटं बघितलं. दुकानातली कामाची पोरं हसली असतील, मी वर पाहिलं नाही. केसभर इकडे. केसभर तिकडे. दीड दिवस लागला. मेघना म्हणाली होती, कागद स्कॅन करून यंत्राला द्या, तासात होईल. मी कित्येक वर्षांनी छिन्नी काढली.

महिन्याच्या मिस्सेनंतर गावातली माणसं दफनभूमीत आली, फुलं वाहिली. एकजण म्हणाला, "मास्तरांनी स्वतःच काढून ठेवलं होतं वाटतं." वहिनींनी दगडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "त्यांचंच आहे." मी मान हलवली. पण माणसं पांगल्यावर मी थडग्याच्या डोक्याच्या बाजूला गेलो आणि दगडावरून वाकून, उलटं, बघितलं. ना आणि स यांच्या मध्ये जागा जास्त पडलीय. कागदावर बरोबर होती. कोरताना माझी छिन्नी काठावर किंचित आत गेली असणार. सरळ बघणाऱ्या कोणाला ती दिसणार नाही. पण ते बसले असते खुर्ची मागे ढकलून, तर पहिली तीच दिसली असती. ती आता केसभरही सरकणार नाही.

आता दुकानात कुठलंही नाव बसवलं की मी दगडाला वळसा घालून पलीकडे जातो. गिऱ्हाईक विचारतं, काय बघता? मी म्हणतो, जागा. तिचे मी अजूनही पैसे लावत नाही.